विद्यापीठाचा विभाग, त्याचे दाते आणि आपला विसावा भाग

एप्रिल महिना जवळ आला की रोहण्यासारख्या गावात पावतीबुक बाहेर निघते. मंडळाची चार मुले घरोघर फिरतात. कोणी पन्नास देतो, कोणी पाचशे, कोणी 'सोयाबीनचे पैसे आले की देतो' म्हणून सांगतो. जयंती पार पडल्यावर एखाद्या संध्याकाळी विहारात बसून जमाखर्च वाचला जातो. ज्या वर्षी तो वाचला जात नाही, त्याच्या पुढच्या वर्षी वर्गणी कमी होते. हे कोणत्याही मंडळाच्या सचिवाला शिकवावे लागत नाही.

विद्यापीठातील एखाद्या विद्याशाखेसाठी किंवा विभागासाठी निधी उभारणे आणि दात्यांशी संबंध टिकवणे, हे काम ऐकायला फार मोठे वाटते. त्यासाठी मोठे उद्योगपती, मोठी शहरे आणि इंग्रजी बोलणारी माणसेच लागतात असा समज आहे. परंतु त्याचे मूळ तत्त्व आपल्या पावतीबुकापेक्षा वेगळे नाही. कशासाठी पाहिजे ते स्पष्ट सांगा, मागायला स्वतः जा, मिळाले त्याची पावती द्या आणि खर्च झाला त्याचा हिशेब वाचून दाखवा. हे तत्त्व आपल्या मातीत किती जुने आहे आणि आजच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व काय आहे, हे या लेखात समजून घ्यावयाचे आहे.

विभागाला पैसा कशासाठी लागतो?

विद्यापीठाचे अनेक विभाग असतात आणि ते विद्याशाखांमध्ये विभागलेले असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे आपल्या राज्यातील विद्यापीठांत चार विद्याशाखा आहेत : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. प्रत्येक विद्याशाखेचा प्रमुख म्हणजे अधिष्ठाता. मंजूर पदांवरील प्राध्यापकांचे वेतन शासनाकडून येते. पण एवढ्याने विभाग चालत नाही. ग्रंथालयात नवी पुस्तके हवीत, प्रयोगशाळेत उपकरणे हवीत, बाहेरचा विद्वान व्याख्यानाला बोलावला तर त्याचा प्रवासखर्च हवा, विद्यार्थ्यांना लेणी, स्तूप, जुनी हस्तलिखिते प्रत्यक्ष दाखवायला न्यायचे तर गाडीभाडे हवे.

या सर्वांहून निकडीची गरज वेगळीच असते. खेड्यातील मुलगा किंवा मुलगी पदव्युत्तर वर्गात प्रवेश घेते तेव्हा जून-जुलै महिना असतो. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घरात त्या दिवसांत पैसा नसतो, असेल तो बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. शिष्यवृत्ती मंजूर होते, पण हातात पडायला वेळ लागतो. तोपर्यंत खोलीभाडे, मेसचे पैसे आणि पुस्तके थांबत नाहीत. याच दोन-चार महिन्यांत अनेकांचे शिक्षण सुटते. अशा वेळी विभागाजवळ स्वतःचा लहानसा निधी असेल तर तो विद्यार्थी टिकतो. म्हणून हा प्रश्न आपल्या घरचा आहे.

वर्गणी आणि अक्षयनीवी

वर्गणी आणि निधी यांत एक महत्त्वाचा फरक आहे. वर्गणी ज्या वर्षी जमते त्याच वर्षी संपते. निधीत मुद्दल राखून ठेवले जाते आणि केवळ व्याज खर्च होते. ही कल्पना पाश्चात्त्य विद्यापीठांकडून आपल्याकडे आली असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तिचा महाराष्ट्रातील लेखी पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडावर कोरलेला आहे, आणि तो बौद्ध संघाला दिलेल्या दानाचा आहे.

लेणे क्रमांक १० मध्ये क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा प्राकृत शिलालेख आहे. त्यात वर्ष ४२ चा उल्लेख आहे. उषवदाताने हे लेणे चारही दिशांच्या संघाला अर्पण केले आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांची 'अक्षयनीवी' दिली. अक्षयनीवी म्हणजे कधीही न संपणारे मुद्दल. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवण्यात आली. २,००० कार्षापण एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दराने. १,००० कार्षापण दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत करावयाचे नाही, फक्त व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असे स्पष्ट लिहिले आहे. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंपैकी प्रत्येकाला चीवरासाठी १२ कार्षापण द्यावयाचे आहेत.

विद्यार्थी मित्रांनी हा हिशेब करून पाहावा. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण. २० भिक्षू गुणिले १२ म्हणजेही २४०. हिशेब तंतोतंत जुळतो. दुसऱ्या १,००० चे वार्षिक व्याज ९० कार्षापण होते आणि ते भिक्षूंच्या इतर किरकोळ गरजांसाठी ठेवले आहे. शेवटी, हे सर्व निगमसभेत ऐकवून रीतीप्रमाणे दप्तरात नोंदवले, असेही म्हटले आहे.

आजच्या कोणत्याही विद्यापीठाच्या दानपत्रात ज्या गोष्टी असायला पाहिजेत, त्या सर्व या लेखात आहेत. रक्कम किती, ठेवली कोठे, दर काय, लाभ कोणाला, मुद्दलाचे काय, आणि नोंद कोठे झाली. सर्व रक्कम एकाच ठिकाणी न ठेवता दोन श्रेणींत विभागली, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. आणि लाभ कोणत्याही पंथाच्या, कोठूनही आलेल्या भिक्षूला मिळावा असा उद्देश आहे. दाता राजघराण्याशी संबंधित होता, तरी त्याने केवळ आपल्या शब्दावर विश्वास ठेवा असे म्हटले नाही. त्याने लिहून दिले आणि सभेत वाचून घेतले.

कार्ल्याचे खांब

उषवदात हा मोठा दाता झाला. पण ज्यांच्याकडे ३,००० कार्षापण नाहीत त्यांनी काय करावे? याचे उत्तर लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यात मिळते. तेथील चैत्यगृह भारतातील भव्य चैत्यगृहांपैकी एक आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने ते पूर्ण केल्याचा लेख आहे. परंतु आत गेल्यावर खांबांवर वेगवेगळ्या माणसांची नावे दिसतात. अनेक दाते धेनुकाकट या गावचे आहेत. काही स्वतःला यवन म्हणवतात. सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या एकाने दरवाजाचे दान दिले आहे. दाराचे काम करणाऱ्या सुताराचे नाव आहे. भिक्षुणीचेही दान आहे.

म्हणजे एकाने सगळे दिले नाही. कोणी खांब दिला, कोणी दार दिले, कोणी वेदिका दिली. प्रत्येकाचे नाव आणि गाव त्याच्या दानापाशीच कोरले गेले. श्रेष्ठीच्या नावासाठी सुताराचे नाव पुसले नाही. दोन हजार वर्षांनंतर आपण ती नावे वाचू शकतो. दात्याशी संबंध ठेवणे म्हणजे काय, याचा हा उत्तम नमुना आहे. दान लहान असो वा मोठे, ते कोणाचे आहे आणि त्यातून नेमके काय उभे राहिले, हे दिसले पाहिजे.

नालंदाचे उत्पन्न

नालंदा महाविहार हे जगातील प्राचीन विद्यापीठ म्हणून आपण अभिमानाने सांगतो, पण ते चालत कसे होते हे क्वचितच सांगतो. चिनी भिक्षू ह्युएन त्संग सातव्या शतकात तेथे राहिला. त्याच्या चरित्रात लिहिले आहे की राजाने सुमारे शंभर गावांचे उत्पन्न नालंदाला तोडून दिले होते आणि त्या गावांतील दोनशे कुटुंबे रोज तांदूळ, लोणी व दूध पुरवीत. त्यामुळे विद्यार्थ्यांना अन्नवस्त्रासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नसे, आणि त्यांच्या विद्येच्या परिपूर्णतेचे हेच कारण होते, असेही त्यात म्हटले आहे. आपण नालंदाच्या आचार्यांची नावे पाठ करतो. दूध घालणाऱ्या दोनशे घरांचाही त्या विद्येत वाटा होता, हे विसरतो.

नवव्या शतकातील पाल राजा देवपाल याचा एक ताम्रपट नालंदाच्या उत्खननात १९२१ साली सापडला. सुवर्णद्वीपाचा, म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या भागातील राजा बालपुत्रदेव याने नालंदात एक विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून देवपालाने पाच गावे त्यासाठी दिली. उत्पन्न कशावर खर्च करावयाचे तेही त्यात आहे : भिक्षूंचे अन्न, वस्त्र, शय्या व औषधे, ग्रंथांचे लेखन आणि विहाराची दुरुस्ती. इमारत बांधणारे दाते पुष्कळ मिळतात. दुरुस्तीची आणि ग्रंथांची तरतूद करणारा दाता विरळा. आजही विद्यापीठांत कोनशिला लागते, पण पाच वर्षांनी गळणाऱ्या छपरासाठी पैसा नसतो. ही गोष्ट त्या ताम्रपटाने अकराशे वर्षांपूर्वी ओळखली होती.

कामठीचे दान आणि मुंबईची गुरुदक्षिणा

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपल्या मृत्युपत्राने सुमारे ३५ लाख रुपये या विद्यापीठाला दिले. उद्देश ठरवून दिला होता : उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्राचे शिक्षण. त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली. लोक तिला 'एलआयटी' म्हणून ओळखतात. तिच्यातून अनेक पिढ्यांचे रसायन अभियंते बाहेर पडले आणि २०२३ साली तिला स्वतंत्र विद्यापीठाचे स्वरूप मिळाले. एका माणसाने उद्देश स्पष्ट लिहिला आणि त्या पैशाला विद्यापीठाने दुसरीकडे पाय फुटू दिले नाहीत, म्हणून हे झाले.

दुसरे उदाहरण मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागाचे. तो १९३३ साली सुरू झाला, 'यूडीसीटी' या नावाने प्रसिद्ध झाला आणि २००८ साली रसायन तंत्रज्ञान संस्था या नावाने अभिमत विद्यापीठ बनला. या विभागाने माजी विद्यार्थ्यांशी संबंध तुटू दिला नाही. प्रा. मनमोहन शर्मा १९६४ साली तेथे प्राध्यापक झाले, तेव्हा ते तिशीच्याही आतले होते. त्यांचे एक विद्यार्थी मुकेश अंबानी यांनी जून २०२५ मध्ये संस्थेला १५१ कोटी रुपये विनाअट देण्याचे जाहीर केले, आणि ही प्रा. शर्मा यांना दिलेली गुरुदक्षिणा आहे असे सांगितले. संस्थेसाठी काही मोठे करावे, असे सरांनीच आपल्याला सांगितले होते, हेही त्यांनी त्या वेळी सांगितले.

रक्कम पाहून आपण दिपून जाऊ नये. त्यातील दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, मागणारा कोणी व्यावसायिक नव्हता, वर्गात शिकवणारा शिक्षक होता. दुसरी, शिकवणे १९७० च्या दशकातले आणि दान २०२५ मधले. मध्ये जवळजवळ पन्नास वर्षे आहेत. विद्यार्थी वर्गात असतानाच दात्याशी संबंध सुरू होतो. ज्या विभागात विद्यार्थ्याला सन्मानाने वागवले नाही, त्या विभागाला वीस वर्षांनी त्याच्या दारात जाण्याचा अधिकार राहत नाही.

नाव द्यावे की नाही?

दात्याने अट घातली तर काय करावे, हा या कामातला सर्वांत अवघड प्रश्न. महाराष्ट्रात त्याची दोन्ही प्रकारची उत्तरे आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला आपल्या मातोश्रींचे नाव द्यावे अशी अट घातली. कर्व्यांनी ती मान्य केली, आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ हे नाव आज सर्वांना परिचित आहे. त्या अटीने स्त्रीशिक्षणाचा उद्देश बदलत नव्हता.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. घराघरातून मूठ-मूठ धान्य गोळा करून त्यांनी वसतिगृहे चालवली, आणि लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ साली त्यांनी साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. शिवाजी महाराजांचे नाव काढून आपले नाव द्यावे, या अटीवर मोठी देणगी देऊ करणाऱ्या धनिकाला भाऊरावांनी साफ नकार दिला, अशी हकिकत आजही सांगितली जाते.

कर्व्यांनी मान्य केले आणि भाऊरावांनी नाकारले. दोघेही बरोबर होते. अट मान्य केल्याने संस्थेचा हेतू आणि तिच्या लोकांचा स्वाभिमान शाबूत राहतो का, हीच कसोटी. 'अमुक जातीच्याच विद्यार्थ्याला द्या', 'माझ्या नातेवाइकाला नेमा', 'अमुक विषय शिकवू नका', अशी अट आली तर विभागप्रमुखाने नम्रपणे पैसे परत करावेत. हे लिहायला सोपे आणि करायला कठीण आहे, याची जाणीव ठेवूनच लिहितो.

बाबासाहेब : घेणारे आणि उभारणारे

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनात दानाच्या दोन्ही बाजू दिसतात. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी त्यांचे कौतुक केले आणि आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे याच केळुस्करांनी त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत नेले, आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१३ साली महाराजांनीच दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठवले. १९२० मध्ये लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करण्यास जाताना स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज कामी आले.

या हकिकतीत केळुस्कर गुरुजींचे स्थान पाहावे. ते स्वतः धनिक नव्हते. पण कोणत्या मुलात काय आहे हे त्यांना माहीत होते, आणि कोणाचे दार ठोठवायचे हेही माहीत होते. दाता आणि विद्यार्थी यांच्यामध्ये उभा राहणारा हा माणूस नसता तर इतिहास कोणत्या वाटेने गेला असता, कोण जाणे! विद्यापीठात अधिष्ठात्याने आणि विभागप्रमुखाने निधीसाठी जे काम करावयाचे, ते थोडक्यात केळुस्करांचेच काम आहे.

बडोद्याच्या शिष्यवृत्तीला दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला गेले, पण त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळू दिली गेली नाही आणि नोकरी सोडावी लागली. विद्यार्थ्याला शिकवायचे आणि शिकून आल्यावर त्याला माणूस म्हणून जागा द्यायची नाही, हा त्या काळचा कलंक. शिष्यवृत्ती पुरेशी नसते, विद्यार्थ्याच्या मागे उभे राहावे लागते, हाच त्याचा धडा.

पुढे बाबासाहेब स्वतः संस्थापक झाले. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. १९५० मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू झाले. तेच मिलिंद महाविद्यालय. त्याची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १ सप्टेंबर १९५१ रोजी बसवली गेली. आणि १९५६ साली नागपूरच्या दीक्षा समारंभात त्यांनी प्रत्येक बौद्धाला आपल्या उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याचे आवाहन केले. विसावा भाग म्हणजे शंभर रुपयांतले पाच. हा आकडा त्यांनी धनिकांसाठी सांगितला नव्हता. समोर बसलेले बहुतेक लोक मजूर आणि शेतमजूर होते.

निधीचे काम करण्याची रीत

आता प्रत्यक्ष कामाची रीत सांगतो. विभागप्रमुखाने, आणि आपल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनीही, ती ध्यानात घ्यावी.

पहिली गोष्ट, गरज नेमकी लिहावी. 'विभागाच्या विकासासाठी मदत करा' असे पत्र कोणी वाचत नाही. 'खेड्यातून आलेल्या सहा विद्यार्थ्यांच्या चार महिन्यांच्या मेसचा खर्च एवढा येतो, त्यापैकी दोघांचा आपण उचलावा' असे लिहिले तर वाचणारा विचार करतो.

दुसरी गोष्ट, माजी विद्यार्थ्यांची वही. कोण कोणत्या वर्षी पास झाला, आज कोठे आहे, त्याचा पत्ता व दूरध्वनी. वही नसेल तर निधी नाही. आणि या लोकांना केवळ पैसे मागायच्या वेळी आठवू नये. विभागात काय चालले आहे हे वर्षातून एकदा तरी त्यांना कळवावे.

तिसरी गोष्ट, मागायला स्वतः जावे. पत्राने फार तर ओळख होते, दान भेटीने मिळते. ज्याने शिकवले त्यानेच मागावे हे उत्तम.

चौथी गोष्ट, पैसा विद्यापीठाच्याच खात्यात जावा. कोणा व्यक्तीच्या नावाने धनादेश देऊ नये, घेऊ नये. देणगी स्वीकारण्याचा अधिकार विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेचा असतो. दानपत्रात उद्देश, मुद्दल, व्याजाचा वापर आणि लाभार्थी निवडण्याची पद्धत लिहून घ्यावी. उषवदाताचा नमुना समोर ठेवावा!

पाचवी गोष्ट, हिशेब. वर्षाअखेरीस प्रत्येक दात्याला एक कागद गेला पाहिजे : मुद्दल एवढे, व्याज एवढे, खर्च यावर. सोबत लाभ झालेल्या विद्यार्थ्याचे चार ओळींचे पत्र असावे. त्यात लाचारी नसावी. मी काय शिकलो, पुढे काय करणार आहे, एवढे पुरे. विद्यार्थ्याच्या गरिबीचे प्रदर्शन मांडून पैसा मिळवणे हे त्या विद्यार्थ्यावर अन्याय करणारे आहे.

कायद्याच्याही काही गोष्टी माहीत असाव्यात. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि शिक्षण हा त्यातील एक मान्य विषय आहे. मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळते, पण रोख दिलेली रक्कम २,००० रुपयांहून अधिक असेल तर ती त्यासाठी धरली जात नाही. नवी करपद्धती निवडणाऱ्या पगारदाराला ही सवलत मिळतच नाही. तेव्हा दात्याला चुकीचे आश्वासन देऊ नये. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माजी विद्यार्थ्याची देणगी ही विदेशी अंशदान ठरते आणि त्यासाठी वेगळी नोंदणी लागते. भारतीय पारपत्र असलेल्याने परदेशातील स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी तशी ठरत नाही.

आपल्यासारख्यांनी काय करावे?

अभियांत्रिकीच्या विभागाचे माजी विद्यार्थी कारखाने काढतात. पाली, मराठी, इतिहास, समाजशास्त्र किंवा आंबेडकर विचारधारा शिकलेले आपले माजी विद्यार्थी शिक्षक, कारकून, ग्रामसेवक, फार तर प्राध्यापक होतात. त्यांच्यातून १५१ कोटी देणारा निघणार नाही. म्हणून या विभागांनी मोठ्या दात्याची वाट पाहत बसणे चुकीचे आहे. त्यांचा मार्ग कार्ल्याच्या खांबांचा आहे. अनेक लहान दाते, प्रत्येकाची नोंद, आणि मुद्दलाला हात न लावण्याची नाशिकची शिस्त.

एक साधा हिशेब मांडतो. समजा, आपल्या गावातून शिकून नोकरीला लागलेल्या २५ जणांनी दरमहा २०० रुपये दिले. महिन्याला ५,००० आणि वर्षाला ६०,००० रुपये होतात. पाच वर्षांत व्याज सोडून ३ लाख रुपये मुद्दल जमते. शेकडा ७ दराने त्याचे वार्षिक व्याज २१,००० रुपये येते. त्यातील १५,००० विद्यार्थ्यांना द्यावेत आणि ६,००० मुद्दलात परत मिळवावेत. हे मिळवणे आवश्यक आहे, कारण महागाई मुद्दलाला आतून पोखरते. काही दशकांपूर्वी ज्या ठेवीच्या व्याजात सोन्याचे पदक येत असे, तिच्या आजच्या व्याजात सोन्याचा कणही येत नाही.

१५,००० रुपये फार नाहीत. पण प्रवेशाच्या दिवसांत तीन विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच हजार मिळाले, तर ते नागपूरला खोली करून पहिला महिना काढू शकतात. शिष्यवृत्ती हाती आल्यावर त्यांनी ती रक्कम परत केली तर पुढच्या वर्षी तिघांऐवजी सहा जणांना हात देता येईल. हा निधी आपल्या संस्थेतच ठेवावा की विद्यापीठातील एखाद्या विभागाला, उदाहरणार्थ पाली-प्राकृत विभागाला, द्यावा, हे सभासदांनी बैठकीत ठरवावे. संस्थेत ठेवल्यास धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या वार्षिक हिशेबात तो स्वतंत्र दाखवावा. विभागाला दिल्यास दानपत्राची प्रत विहारात लावावी.

विद्यार्थी मित्रांना शेवटी एक सांगावयाचे आहे. तुम्ही जे शिकता त्यात कोणाचा तरी वाटा आहे. शासनाची शिष्यवृत्ती म्हणजे सुद्धा लोकांचाच पैसा. घेताना मान खाली घालू नका, कारण तो तुमचा हक्क आहे. मात्र नोकरी लागल्यावर पहिल्या पगाराच्या दिवशी गावाकडे पाठ फिरवू नका. शिकून मोठे झालेल्यांनी समाजाकडे वळून पाहिले नाही, याचे दुःख बाबासाहेबांना अखेरपर्यंत होते. ते दुःख सभेत भाषण करून कमी होणार नाही. शंभर रुपयांतले पाच बाजूला काढल्याने थोडे कमी होईल.

पुढच्या जयंतीला पावतीबुक निघेल तेव्हा त्याच्याबरोबर दुसरी एक वही निघावी. तिच्यावर 'अक्षयनीवी' असे लिहावे. पहिल्या पानावर मुद्दल, दुसऱ्या पानावर दात्यांची नावे, मग ती शंभर रुपये देणाऱ्या आजीची का असेनात, आणि तिसऱ्या पानावर ज्या विद्यार्थ्यांचे शिक्षण टिकले त्यांची संख्या. वर्षाच्या शेवटी ती वही विहारात मोठ्याने वाचावी. जयभीम!